सतराव्या ओळीपासून

माझी भाची आमच्या मागच्या खोलीत अकरा वर्षं राहते. त्यातली पहिली नऊ वर्षं ती काम करते यावर माझा विश्वास नव्हता.

विश्वास नव्हता म्हणजे मी मोजलं होतं. तिच्या खोलीचं दार उघडं असायचं आणि माझी खुर्ची बोळात, दारासमोर. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. त्यात बटणं दाबल्याचा आवाज सगळा मिळून दीड तास. बाकीचा वेळ ती पडद्याकडे बघत बसायची. मी अडतीस वर्षं पाइपांच्या कारखान्यात फिटर होतो, चाचणीच्या बाकावर. तिथे कोणी साडेसहा तास नुसता बघत बसला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटातून आत घेतलं नसतं.

"बघणं हेही काम असतं," माझी बायको म्हणायची. "तुम्ही नाही का दाबाचा काटा बघत बसायचात?"

"दहा मिनिटं. आणि त्याआधी जोड हाताने आवळलेला असायचा."

"मग तिनेही काहीतरी आवळलेलं असेल."

घरात तिला मुंगी म्हणतात. माझ्या बहिणीची ही धाकटी. लहानपणी दिवसभर काहीतरी उचलून इकडचं तिकडे करायची, आवाज न करता. कोणाची किल्ली, कोणाचं बटण, कोणाचा चष्मा हरवला की हिच्याकडे सापडायचा. पण विचारल्याशिवाय द्यायची नाही. माझा संशय तेव्हापासूनचा.

तिच्या खोलीत एक लांब टेबल आहे. त्यावर झाकणं काढलेली तीन यंत्रं, आणि एका लाकडी फळीवर बसवलेल्या जुन्या डिस्क, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी. फळीवरचे स्क्रू सगळे सारखे आवळलेले. हे मी पहिल्याच दिवशी हात लावून बघितलं. तेवढी एक गोष्ट तिच्या बाजूने होती.

अर्धा दिवस ती एका कार्यालयाचं काम करायची. उरलेल्या अर्ध्या दिवसाचं काम तिने मला समजावलं ते असं. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या बंद पडतात, त्यांच्या डिस्क मागे राहतात. डिस्कवर माहिती मांडायची प्रत्येक कंपनीची रीत निराळी. नव्या यंत्राला जुनी रीत कळत नाही. ती वाचून देणारा छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. अशाच एका बंद पडलेल्या कंपनीच्या रीतीचा ड्रायव्हर मुंगी सांभाळत होती. आधी तो दुसऱ्या कोणाकडे होता, त्याने हात झटकल्यावर हिने उचलला.

"तो वापरणारी माणसं किती?" मी विचारलं होतं.

"जगात सगळी मिळून चाळीस असतील."

"चाळीस माणसांसाठी इतकी वर्षं?"

"आणि बहुतेकांकडे डिस्क एकच," ती म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या धुलाईच्या कारखान्यात वाफेचा पाइप फुटला. बॉयलरवाल्याचा हात कोपरापर्यंत भाजला. पाइप बावीस वर्षांपूर्वीचे, आमच्याच कारखान्यात जोडलेले. फुटलेला जोड क्रमांक चारशे बारा. प्रत्येक जोडाजवळ तो वितळवून जोडणाऱ्या वेल्डरचा नंबर ठोकलेला असतो. चारशे बाराजवळचा ठसा गंजून गेला होता.

आमचा कारखाना कधीच बंद झालाय. चौकशी करणारा इंजिनिअर जुन्या नोंदी शोधत शोधत आमच्या दारात आला. पत्र्याच्या डब्यात दोन डिस्क घेऊन. त्या काळी चाचणीच्या दोन्ही बाकांवर एकेक यंत्र होतं, त्यांच्या या डिस्क. एक नंबरच्या बाकावर मी असायचो, दोन नंबरच्या बाकावर दुसरी माणसं. डिस्कची रीत नेमकी मुंगीच्या ड्रायव्हरची.

मी त्याचे बूट बघितले. स्वच्छ होते. फुटलेला पाइप बघून आलेल्या माणसाचे बूट स्वच्छ नसतात.

"मला दोन नंबरचीच डिस्क हवीय," तो मुंगीला म्हणाला. "चारशे बाराची चाचणी त्या बाकावर व्हायची होती. त्या महिन्याच्या सगळ्या वेल्डरांच्या याद्या काढा. सोमवारी माझा अहवाल जाणार."

माझ्या मनात पाल चुकचुकली. एकच हवी, तर डब्यात दोन कशाला? आणि आणल्याच आहेत, तर दुसरी का बघायची नाही? तो गेल्यावर मी मुंगीला म्हटलं, "एक नंबरचीही लाव. दोन्ही एकदम लाव. माझ्या बाकाच्या नोंदी शाबूत आहेत का ते मला बघायचंय. या माणसाचं कुठेतरी पाणी मुरतंय."

"त्याने सांगितलेलं नाही, मामा."

"म्हणूनच सांगतोय."

तिने दोन नंबरची आधीच लावली होती. मग शेजारी एक नंबरची लावली. माझ्या बाकाच्या नोंदी मी पडद्यावर पाहिल्या, चार-पाच आठवत होत्या त्या जुळल्या. समाधान झालं. मग तिने दोन नंबरच्या याद्या छापून इंजिनिअरला दिल्या.

बुधवारी इंजिनिअर परत आला. हातात एक कागद, त्यावरची एक ओळ लाल पेन्सिलीने अधोरेखित. जोड चारशे बारा. चाचणीचा रकाना रिकामा. म्हणजे चाचणी न होताच जोड बाहेर गेला होता. यादी कोणाची, तर वेल्डर क्रमांक सव्वीसची.

सव्वीस नंबर आमच्या समोर राहतो. मी त्याला वेल्डर म्हणतो आणि तो मला फिटर. चाळीस वर्षांची ओळख. निवृत्त झाल्यावर तो आठवड्यातून दोन सकाळी वेल्डिंगच्या वर्गात शिकवायचा, आणि प्रत्येक वर्गाची सुरुवात एकाच वाक्याने करायचा: "माझा एकही जोड गळलेला नाही."

गुरुवारी सकाळी त्याला वर्गातून निरोप आला. अहवाल येईपर्यंत येऊ नका.

मी त्याच्याकडे गेलो. तो खिडकीशी बसला होता, हात मांडीवर. त्या हातांना मी असं रिकामं कधी पाहिलं नव्हतं.

"त्या महिन्यात तू आजारी वगैरे होतास का?" मी विचारलं.

"नाही."

"घाईचं काम होतं? कोणी सांगितलं असेल, की राहू दे चाचणी, जाऊ दे गाडीत?"

"फिटर, इंजिनिअर विचारतो ते ठीक आहे. त्याने माझा एकही जोड पाहिलेला नाही. तू हजार पाहिलेत."

"मी फक्त विचारतोय."

"तू कधीच फक्त विचारत नाहीस." तो उठून आत गेला. आतून म्हणाला, "दार ओढून घे."

घरी येताना मला तिघांचाही संशय होता. इंजिनिअरला एक नाव हवं होतं, आणि म्हाताऱ्या वेल्डरचं नाव सोयीचं होतं. वेल्डर माणूस होता, आणि माणसाकडून एखाद्या दिवशी हयगय होते. आणि मुंगी. कागद तिच्या खोलीतून निघाला होता.

मी तिच्या खोलीत गेलो आणि बसलो. पहिल्यांदाच.

"हे यंत्र कसं ठरवतं, की ही ओळ सव्वीस नंबरची?"

"यंत्र ठरवत नाही. डिस्कवर जशी आहे तशी ड्रायव्हर वाचतो."

"आणि ड्रायव्हरला कोण सांगतं?"

तिने खुर्ची वळवली. "मामा, यंत्राच्या मधोमध एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. डिस्क लावली की कर्नेल तिच्या नावाने एक फॉर्म भरतं. सगळ्या रीतीच्या डिस्कना फॉर्म तोच. केवढी आहे, त्यात लिहायचं की फक्त वाचायचं, असल्या सगळ्यांना लागू होणाऱ्या गोष्टी. पण प्रत्येक रीतीचं काहीतरी खास असतं, ते या फॉर्मात मावत नाही. म्हणून फॉर्मात एक खण रिकामा ठेवलेला असतो. तो ड्रायव्हरचा."

"त्यात काय ठेवतात?"

"ड्रायव्हरला त्या डिस्कबद्दल जे लक्षात ठेवायचंय ते. खरं तर खणात वस्तू नसते, ती कुठे ठेवलीय त्याचा पत्ता असतो. काम पडलं की कर्नेल फॉर्म पुढे करतं, ड्रायव्हर खणातला पत्ता घेतो आणि आपल्या सामानाशी जातो. डिस्क काढायची वेळ आली की सामान ज्याचं त्याने आवरायचं."

"आणि कर्नेल आत काय आहे ते बघतं की नाही?"

"बघत नाही. त्याला ते कळणारही नाही."

"मग तपासतं कोण?"

"कोणी नाही. ज्याने ठेवलं त्याने ओळखायचं."

मला हे अजिबात आवडलं नाही. आमच्या कारखान्यात हत्यारांच्या खोलीत प्रत्येक कामगाराचा लोखंडी डबा असायचा. पितळी बिल्ला दाखवला की स्टोअरकीपर डबा द्यायचा. आत काय आहे ते त्यानेही कधी उघडून पाहिलं नाही. आणि म्हणूनच त्या डब्यांतून काय काय गेटाबाहेर गेलं ते मला ठाऊक आहे. हे मी तिला सांगितलं.

"पण एकाचा डबा दुसऱ्याला दिला, असं कधी झालं?" तिने विचारलं.

"नाही. बिल्ल्याशिवाय डबा नाही."

"तसंच हे. काही ड्रायव्हर उलटंही करतात. स्वतःचा मोठा डबा बनवतात आणि कर्नेलचा फॉर्मच त्याच्या पोटात ठेवून देतात. फॉर्म हाती आला की तेवढं अंतर मागे जायचं, डब्याची कड सापडते."

"अंदाजाने?"

"मोजून."

मोजून केलेलं मला पटतं. पण सव्वीस नंबरचं उत्तर मिळालं नव्हतं. मी म्हटलं, "त्याची पूर्ण यादी दाखव. लाल रेघेची एकटी ओळ नको."

तिने दोन पानं छापून दिली. मी चष्मा लावला आणि खुर्ची खिडकीकडे ओढली. एक ओळ म्हणजे एक जोड. त्याचा नंबर, पाइपची जाडी, तारीख, चाचणीचा दाब, किती मिनिटं टिकला. सगळे पाइप बारा मिलिमीटर जाडीचे.

मी कागदावर संशयाने बघत नव्हतो. मी मनात जोड घालत होतो. बारा मिलिमीटरचा जोड म्हणजे कडा तासायच्या, पाइप समोरासमोर बसवायचे, खालचा थर, मग भरणी, मग वरचा थर, प्रत्येक थरानंतर कचरा ठोकून काढायचा. अडीच तास. चांगला हात असेल तर सव्वादोन. पाळीत तीन जोड, अंग दुखत असेल तर दोन.

पहिल्या तारखेला तीन. दुसऱ्या तारखेला तीन. मग दोन. चार तारखेला तीन, पाच तारखेला तीन, सहाला दोन. सोळा ओळी. हा सव्वीस नंबरच होता, मी त्याची चाल ओळखत होतो. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी त्याची पाठ धरायची.

सतराव्या ओळीवर सात तारीख यायला हवी होती. आली चार.

मी पुन्हा वर गेलो. चार तारखेचे तीन जोड आधीच होऊन गेले होते. सतराव्या ओळीपासून चार तारीख परत सुरू, आणखी तीन जोड. मग पाच तारीख, आणखी तीन. चारशे बारा एकविसाव्या ओळीत, पाच तारखेला.

"मुंगी, एका पाळीत सहा जोड होत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे होत नाहीत. त्याच्या बापाच्यानेही होणार नाहीत. सोळाव्या ओळीपर्यंत हा माणूस सव्वीस नंबर आहे. सतराव्यापासून कोणी दुसरा आहे."

तिने कागद घेतला. ती बघत राहिली. मी घड्याळ पाहिलं नाही. मग ती अगदी हळू म्हणाली, "सोळा?"

"सोळा."

"एका ओळीला एकशे अठ्ठावीस अक्षरांची जागा. सोळा ओळी म्हणजे डिस्कवरचा बरोबर एक तुकडा." तिचा चेहरा उतरला होता. "पहिला तुकडा बरोबर आहे. पुढचा तुकडा चुकीचा उचललाय."

"कोणी?"

"माझ्या ड्रायव्हरने."

त्यानंतर ती चार दिवस उठली नाही असं म्हटलं तरी चालेल. माझी बायको दोन्ही वेळचं ताट आत ठेवून यायची आणि मला म्हणायची, "आता मोजा." मी मोजलं. बटणांचा आवाज आधीपेक्षाही कमी होता. पण या वेळी ती कशाकडे बघतेय ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिने एक नंबरची डिस्क काढली आणि दोन नंबरची एकटी लावून यादी पुन्हा छापली. यादी सरळ आली. सतराव्या ओळीला सात तारीख.

"झालं की मग," मी म्हटलं. "दे नेऊन."

"का चुकलं ते कळल्याशिवाय नाही. एकटी लावली तर बरोबर येते, यावर इंजिनिअरने का विश्वास ठेवावा? तुम्ही ठेवला असता?"

मी ठेवला नसता.

रविवारी दुपारी तिने मला आत बोलावलं. वेल्डरलाही बोलवा म्हणाली. तो यायला तयार नव्हता. माझी बायको गेली आणि घेऊन आली; काय बोलली ते तिने मला सांगितलेलं नाही. तो दारातच उभा राहिला, माझ्याकडे न बघता.

"काका, फाइल लांब असेल तर ती डिस्कवर एकसलग नसते," मुंगीने त्याला सांगितलं. "तुकडे विखुरलेले असतात. पहिला तुकडा कुठे, ते फाइलच्या स्वतःच्या नोंदीत असतं. त्याच्यामागून कोणता, त्याच्यामागून कोणता, याचा एक तक्ता प्रत्येक डिस्कवर असतो. ड्रायव्हर तो तक्ता वाचून जवळ ठेवतो. प्रत्येक डिस्कचा तक्ता तिच्या तिच्या खणात जायला हवा."

"खणाचं कळलंय मला," वेल्डर म्हणाला. मी काही सांगितलं नव्हतं. बायकोने सांगितलं असणार. कान कुठे कुठे असतात.

"सहा वर्षांपूर्वी कर्नेलवाल्यांनी सगळ्यांना सांगितलं, की आपापलं सामान खणात हलवा. मी हलवलं. तक्ता तेवढा बाहेर ठेवला. ड्रायव्हरच्या सामाईक जागेत, एकच. वाटलं, हा तर फक्त वाचायचा आहे, कशाला हलवायचा. एक डिस्क लावली तर काहीच बिघडत नाही. माझ्याकडे या जातीची डिस्क एकच होती, मी दोन लावून कधी पाहिलंच नाही. दुसरी लावली की तिचा तक्ता आधीच्या डिस्कच्या तक्त्यावर येऊन बसतो. मग तुमची यादी सोळा ओळी तुमची, आणि पुढे एक नंबरच्या डिस्कचा तक्ता नेईल तिकडे. तो तुमच्याच डिस्कवरच्या एकतीस नंबरच्या वेल्डरच्या यादीत घेऊन गेला."

"म्हणजे बिल्ला न बघता डबा दिला," मी म्हटलं.

"डबाच केला नव्हता, मामा. सामान बाकावर ठेवलं होतं."

दोन्ही डिस्क एकदम लाव असं सांगणारा मी होतो. ते मी वेल्डरला सांगितलं. सांगायला वेळ लागला.

"तुम्ही सांगितलं म्हणून चूक दिसली," मुंगी म्हणाली. "चूक माझी आहे. मी तसं लिहून टाकलंय, चाळीस जणांना. कोणत्या वर्षापासून आहे तेही."

वेल्डर आत आला. "काय बदललंस ते दाखव."

तिने दाखवलं. अकरा ओळी. तो वाकून बघत राहिला, जणू त्याला वाचता येणार होत्या.

"चार दिवस?"

"हो."

"लागणारच," तो म्हणाला. "नवा जोड घालायला अडीच तास. जुना कापून काढायला दिवस जातो."

मग तिने दोन्ही डिस्क एकदम लावल्या आणि त्याच्यासमोर यादी छापली. मी मोजली. दिवसाला तीन, तीन, दोन. चारशे बारा त्यात नव्हता. तो एकतीस नंबरच्या यादीत निघाला. एकतीस म्हणजे दोन महिन्यांसाठी घेतलेला हंगामी माणूस. चाचणीचा रकाना तिथेही रिकामाच. इंजिनिअरने सोमवारी दोन्ही याद्या तीन वेळा ताडून पाहिल्या आणि अहवालातलं नाव काढलं. दोन नंबरच्या बाकावर चाचणी का झाली नाही, हे तो आता कोणाला विचारतोय ते मला माहीत नाही. त्याच्या बुटांना त्या दिवशी चिखल होता.

पण रविवारची गोष्ट राहिली. वेल्डर आपली यादी घेऊन खिडकीशी गेला आणि शेवटपर्यंत वाचत गेला. तेविसाव्या ओळीवर थांबला.

"तीनशे अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला. "पहिल्या चाचणीत गळला. दुसऱ्यांदा पास."

मी मुंगीकडे पाहिलं. तिला आधीच माहीत होतं. लपवता आलं असतं. एक ओळ, बावीस वर्षं जुनी, कोणी विचारलेलीही नाही.

"तोही वाट चुकलेला असेल," मी म्हटलं.

"नाही," मुंगी म्हणाली. "तो काकांचाच आहे. मी दोनदा तपासलं."

वेल्डरने कागदाची घडी घातली. "नऊ तारीख. रॉड ओलसर होते. मला तेव्हाच कळलं होतं, तरी लावले." खिशात कागद ठेवताना तो थोडा हसला. "वर्गात पहिलं वाक्य बदलावं लागणार."

"काय म्हणणार?"

"म्हणेन, एक गळला. कोणता ते सांगतो, बसा."

जाताना त्याने मला विचारलं, "फिटर, सहा जोड होत नाहीत हे तुला केव्हा सुचलं? माझ्याकडे आलास त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर."

"वाटलंच," तो म्हणाला. पण दार त्याने स्वतः ओढलं नाही, उघडंच ठेवलं.

आता फळीवर त्या जातीच्या दोन डिस्क आहेत. दुसरी इंजिनिअरकडून मागून घेतली. ड्रायव्हरमध्ये काहीही बदललं की मुंगी दोन्ही एकदम लावते, यादी छापते आणि बोळात डोकावते.

"मामा, जरा संशय घ्यायला या."

मी चष्मा लावून जातो. दिवसाला तीन, तीन, दोन. अजून एकही यादी मी न मोजता खरी धरलेली नाही.